नानांची काळी पुडी

पत्र असं आहे:

"डॉक्टर, माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, आम्ही जेलरोडला राहतो. आठ वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिनची ५०० ची गोळी दोन वेळा चालू होती. मार्चमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.६ आला आणि डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवू. तेव्हापासून नानांच्या डोक्यात बसलंय की गोळ्या किडनी खातात. आता सकाळी बिबळ्याच्या लाकडाच्या ग्लासातलं पाणी, मग कारलं आणि दुधीचा एकत्र रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्री भिजवलेली मेथी असं सगळं चालतं. त्यात मित्राने बाजारातून एक काळं चूर्ण आणून दिलं, 'जंगलातल्या सतरा वनस्पतींचं'. गोळ्या बंद केल्यात हे मला तुळशीच्या कुंडीत त्या सापडल्या तेव्हा कळलं. पण खरं सांगते, चूर्णाने उपाशीपोटीची २१० ची शुगर दहा दिवसांत ९६ वर आली. मागच्या पंधरवड्यात बिटको चौकात सकाळी अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले. चहा-बिस्किट घेतल्यावर बरं वाटलं. ते म्हणतात ऊन लागलं. ही झाडपाल्याची औषधं खरंच चालतात का? चूर्ण चालू ठेवू का? एखाद्या चांगल्या वैद्यांना दाखवावं का?"

ताई, तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्याचं उत्तर आधी देते, कारण ते आजच अमलात आणायचं आहे. काळं चूर्ण बंद करा. संपेपर्यंत नाही, उद्यापासून नाही, आजच. पुडी मात्र फेकू नका, झाकणाच्या डबीत घालून कपाटात ठेवा. आणि आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून गोळ्या बंद होत्या, चूर्ण चालू होतं आणि बिटको चौकात काय झालं, हे तिन्ही सांगा. चूर्ण थांबलं की साखर पुन्हा वर जाणार, म्हणून गोळी कधी आणि किती सुरू करायची हे त्यांनी ठरवायचं. जुनी पाकिटं शोधून तुम्ही घरीच सुरुवात करू नका.

आता कारण. तुम्ही जे 'चांगलं' म्हणून लिहिलंत आणि जे 'ऊन लागलं' म्हणून सोडून दिलंत, त्या दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. घाम, थरथर, आणि गोड पोटात गेल्यावर काही मिनिटांत बरं वाटणं, ही साखर खाली गेल्याची खूण आहे. ७० च्या खाली गेली की असं होतं. उन्हाने चक्कर आलेला माणूस चहा-बिस्किटाने इतक्या पटकन सावरत नाही. बरं, त्या दिवशी नाना कोणती गोळी घेत होते? कोणतीच नाही. आणि घेत असते तरी एकट्या मेटफॉर्मिनने साखर अशी खाली कोसळणं फार क्वचित होतं. मेथीने होत नाही, बिबळ्याच्या पाण्याने होत नाही. मग २१० ची साखर दहा दिवसांत ९६ वर आणणारं आणि भर बाजारात माणसाला थरथरवणारं त्या पुडीत आहे तरी काय?

प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही, पण माझा संशय अगदी सरळ आहे. मधुमेहाच्या 'शंभर टक्के आयुर्वेदिक' चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची गोळी कुटून घातल्याचं भारतात आणि परदेशातही पुन्हा पुन्हा सापडलंय. ही जुनी, स्वस्त गोळी आहे. ती स्वादुपिंडाला चिमटा काढून इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा की उपाशी. तिचा अंमल दिवसभर टिकतो, आणि वय झालेल्या माणसाची किडनी थोडी मंदावलेली असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून वृद्धांना ती द्यायला डॉक्टरसुद्धा कचरतात. म्हणजे नानांनी गोळीला घाबरून गोळी सोडली, आणि बहुधा तिच्यापेक्षा धोक्याची गोळी काळ्या रंगात, मोजमाप नसलेली, घ्यायला लागले. एका चमच्यात किती मिलिग्रॅम येतंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आज तळाची पूड आली तर दुप्पट.

दुसरी भीती जड धातूंची. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ती तरी लेबल लावलेली, दुकानात विकली जाणारी उत्पादनं होती. तुमच्या पुडीवर तर कागदाचा कपटाही नाही. किडनी वाचवायला निघालेल्या माणसाने शिसं खाणं म्हणजे काय ते नानांना तुम्हीच समजावा.

एक कायद्याची गोष्टही सांगून टाकते. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करणं हाच आपल्याकडे गुन्हा आहे. औषधे आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत मधुमेह नावानिशी आहे. शिवाय विक्रीच्या आयुर्वेदिक औषधावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक लिहिलेले असावे लागतात. तुमच्या डॉक्टरांनाही संशय आला तर ती डबी घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिकच्या कार्यालयात तक्रार करता येते. फेकू नका म्हटलं ते यासाठी.

चूर्ण थांबवलं तरी पुढचे दोन दिवस नानांना एकटं बाहेर सोडू नका आणि जेवणाची वेळ चुकवू देऊ नका. पुन्हा घाम-थरथर झालीच तर बिस्किट नाही, तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघा, वर आली नसेल तर परत तेवढीच. आणि मग जेवण. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना.

हे झालं. आता पहिला प्रश्न, आणि इथे मी नानांच्या बाजूने बऱ्यापैकी बोलणार आहे.

झाडपाला चालतो का? काही चालतो, थोडा चालतो, आणि बहुतेक वेळा ताटात चालतो, पुडीत नाही. नाना ज्या मेटफॉर्मिनला रसायन म्हणून नावं ठेवतात तिचं मूळसुद्धा एका झुडपात आहे. गॅलेगा नावाची जांभळ्या फुलांची वनस्पती युरोपात जुन्या काळापासून लोकऔषधात होती. तिच्यातल्या ग्वानिडीन जातीच्या द्रव्यांनी साखर उतरते हे कळलं, पण ती थेट देणं विषारी ठरत होतं. पुढे त्याच कुळातला सौम्य रेणू प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टेर्न या डॉक्टरांनी तो रुग्णांना देऊन निष्कर्ष छापले. नानांना हे जरूर सांगा. आणि हेही सांगा की मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. खरं आहे ते उलट: किडनी आधीच बरीच थकलेली असेल तर ही गोळी कमी करावी किंवा बंद करावी लागते, म्हणून लोकांना वाटतं गोळीनेच ती थकली. किडनी खाते ती वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि तिच्या जोडीचं ब्लडप्रेशर. नानांना मेटफॉर्मिनची तक्रारच करायची असेल तर एक रास्त तक्रार मी देते. बरीच वर्षं घेतल्यावर काहींचं बी१२ जीवनसत्त्व कमी होतं, पायांना मुंग्या येतात. आठ वर्षं झालीत, तेव्हा क्रिएटिनिनसोबत (किडनीची रक्ततपासणी) बी१२ ही तपासून घ्या.

मेथी. माझ्या मते या सगळ्या यादीत तिचा मान पहिला. दाण्यात विरघळणारा चोथा भरपूर असतो. पाण्यात तो बुळबुळीत होतो ते तुम्ही पाहिलंच असेल. तोच आतड्यात अन्नाची चाल मंद करतो, मग साखर रक्तात हळूहळू उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत यावर चांगलं काम झालं. १९९० च्या एका अभ्यासात तेल काढलेल्या मेथीची १०० ग्रॅम पूड रोज दोन जेवणांत वाटून दिली होती, आणि उपाशीपोटीची साखर खरोखर उतरली. पण आकडा नीट वाचा, १०० ग्रॅम! इतर अभ्यासांत २५ ग्रॅमच्या आसपास. नाना घेतात ते एक चमचा, म्हणजे जेमतेम चार-पाच ग्रॅम. तेवढ्याने नुकसान नाही, पण गोळीची जागाही ती घेत नाही. वाढवायचीच असेल तर भाकरीच्या पिठात दळून घाला, भिजवून मोड आणून उसळ करा, हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगून नानाच सोडून देतील. मेथी आणि गोळ्या एकत्र घशाखाली घालू नयेत, तास-दोन तासांचं अंतर ठेवावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मेथी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि हो, डिंक-गूळ-तूप घातलेले मेथीचे लाडू यात मोजू नयेत. हे मला सांगावं लागतंय, कारण लोक मोजतात.

बिबळ्याचा ग्लास हा खास आपल्याकडचा लाडका उपाय. बिबळा म्हणजेच विजयसार. पेठ-सुरगाण्याच्या बाजूच्या जंगलातलं झाड, त्याच्या लाकडाचे ग्लास रात्री भरून ठेवले की सकाळी पाणी तांबूस होतं. हा निव्वळ गावगप्पांचा उपाय नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत विजयसाराची चाचणी केली, १९९८ मध्ये ती छापून आली. नव्यानेच निदान झालेल्या, सौम्य मधुमेहाच्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. ऐकायला छानच आहे. पण त्यात मोजून दिलेला अर्क होता, दिवसाला दोन ते चार ग्रॅम, ग्लासातलं पाणी नव्हतं. तुलनेसाठी नुसती खोटी गोळी घेणारा गट नव्हता. आणि रुग्ण सौम्य मधुमेहाचे होते, ८.६ वाले आठ वर्षांचे जुने नव्हते. ग्लासाचं लाकूड रोज भिजून महिन्या-दोन महिन्यांत पाण्याला रंग सोडेनासं होतं, तरी लोक वर्षभर त्यातच पितात. नानांना आवडत असेल तर पिऊ द्यात. ग्लास मात्र रोज उन्हात कोरडा करा, बुरशी धरली की टाकून द्या.

कारल्याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. त्यात साखर उतरवणारी द्रव्यं आहेत, प्राण्यांवर परिणाम दिसतो, माणसांवरच्या चाचण्या मात्र लहान आणि आपसात न जुळणाऱ्या. २०१२ मध्ये जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्याने 'शिफारस करावी इतका पुरावा नाही' असंच म्हटलं. भाजी खा, खुशाल खा, पण चिंच-गुळाची नव्हे. कांद्यावर खरपूस परतलेली. रसाचं म्हणाल तर कारल्यापेक्षा त्यात मिसळलेल्या दुधीची मला धास्ती वाटते. एखादाच दुधी कडू निघतो, आणि त्या कडूपणामागचं द्रव्य विषारी असतं. पोटात मुरडा, उलट्या, रक्ताच्या उलट्या, ब्लडप्रेशर कोसळणं. २०१० मध्ये दिल्लीत मधुमेह असलेल्या एका शास्त्रज्ञाचा कारलं-दुधीचा एकत्र रस पिऊन मृत्यू झाला, त्यानंतर संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेच सांगितलं की दुधी कडू लागला तर रस टाकून द्या आणि दुसऱ्या कशात मिसळू नका. कारल्यात मिसळल्यावर दुधी कडू होता की नव्हता, हे जिभेला कळणार कसं? तेव्हा हा रस आजपासून बंद, दुधीची भाजी करा, तीही शिजवण्याआधी एक चकती चाखून.

जांभळाच्या बिया थोडक्यात आटोपते. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची रीतसर चाचणी झाली आणि काहीच फरक दिसला नाही. बियांच्या पुडीची मोठी, भरवशाची चाचणी माझ्या पाहण्यात नाही. जूनमध्ये टोपल्या आल्या की मूठभर जांभळं खावीत, चव म्हणून. औषध म्हणून किलोभर खाल्ली तर त्यातलीही साखरच पोटात जाते. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून हे पचवायला जड जातं, मला माहीत आहे. निफाड-पिंपळगावहून पेटी घरी आली की मधुमेही माणूसही 'आपल्याच बागेतली आहेत' म्हणून घड संपवतो. दहा-बारा मणी, जेवणानंतर नव्हे, मधल्या वेळेला. बास.

नानांनी अजून सुरू न केलेली, पण कुणीतरी सुचवेलच अशी एक वनस्पती म्हणजे गुडमार, आपल्याकडे बेडकीचा पाला म्हणतात. तिचं पान चावून वर साखर टाका, अर्धा-पाऊण तास साखर वाळूसारखी लागते. चवीपुरतं हे अगदी खरं आहे, मुलांना दाखवायला गमतीचं. रक्तातली साखरही थोडी उतरते असं काही लहान अभ्यास सांगतात. पण ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी ती डॉक्टरांना सांगून घ्यावी, कारण दोन्हींचा परिणाम एकत्र येतो. गुळवेलीबाबत सावध राहा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, दिसायला जवळची दुसरी वेल घेतली गेली असेल असंही बोललं गेलं. वाद राहू दे बाजूला. कुंपणावरची वेल तोडून रोज काढा करायचा नाही, एवढं पुरे. दालचिनीही चहात चिमूटभर, चमच्याने नको. बाजारात स्वस्त मिळते ती जाड सालीची असते आणि तिच्यातलं कुमारिन जास्त गेलं तर यकृताला त्रास देतं.

नानांशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तीच आहे. कुंडीतल्या गोळ्यांवरून त्यांना चारचौघांत बोलू नका. प्रेसमध्ये आयुष्यभर आकड्यांचा हिशोब चोख ठेवलेल्या माणसाला आकडेच दाखवा. ग्लुकोमीटर आणा. सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, असं आठवडाभर त्यांच्याच अक्षरात वहीत लिहू द्या, समोर काय खाल्लं तेही. भात आणि मिसळ-पाव साखर किती वर नेतात, आणि नागलीची किंवा ज्वारीची एकच भाकरी सोबत उसळ-भाजी असेल तर किती, हे माझ्या दहा पानी लेखापेक्षा त्या वहीतून लवकर पटेल. नागलीची म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर तोही आकडा वहीत दिसेलच.

आणि ते आयुर्वेदाचे असे कट्टर असतील तर सुश्रुताचाच दाखला द्या. प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या रोगाच्या, निर्धन रोग्याला सुश्रुतसंहितेत काय सांगितलंय? चूर्ण नाही. अनवाणी, छत्रीशिवाय, एका गावात एकच रात्र काढत शंभर योजनं चालावं, नाहीतर विहीर खणावी. चरकाने जवाचं अन्न सांगितलंय. वाग्भटाने हळद आणि आवळा. यातलं काहीच 'दहा दिवसांत ९६' म्हणत नाही. शंभर योजनं राहू देत, जेवणानंतर जेलरोडवरून दसकच्या घाटापर्यंत चालत जाऊन परत आले तरी मी खूश आहे. पायात मात्र चप्पल नको, बूट हवेत. मधुमेह्याच्या तळपायाला खडा टोचलेला कळत नाही, इथे सुश्रुताचं ऐकायचं नाही.

तिसरा प्रश्न, वैद्यांना दाखवावं का. दाखवा. नोंदणीकृत, बीएएमएस किंवा एमडी आयुर्वेद झालेले, चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून देणारे. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे विचारा. जो वैद्य 'आधी सगळ्या गोळ्या बंद करा' म्हणेल तिथून चहाही न घेता उठायचं. चांगला वैद्य एचबीए१सी, क्रिएटिनिन बघायला मागेल, म्हणून रिपोर्ट सोबत न्या. तुमच्या डॉक्टरांना वैद्यांची चिठ्ठी दाखवा आणि वैद्यांना डॉक्टरांची. दोघांपैकी एकापासून लपवलेलं औषधच सहसा घात करतं. पैशांची ओढाताण असेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मधुमेहाची तपासणी होते, मेटफॉर्मिन तिथे मोफत मिळते, जनऔषधी दुकानातही ती अगदी स्वस्त आहे.

एचबीए१सी आत्ता लगेच केला तर तो चूर्णाच्या दिवसांचा आकडा मिसळून खोटा दिलासा देईल. क्रिएटिनिन, बी१२ आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रथिन) या आठवड्यात करा, डोळ्यांचा पडदा याच महिन्यात तपासून घ्या, आणि एचबीए१सी डॉक्टरांनी ठरवलेली गोळी नियमित सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी. तोपर्यंत नानांची वही चालू राहू द्या.